उस्मानिया विद्यापीठ आणि तेथील विद्यार्थ्यांचा असंतोष

हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत उस्मानिया विद्यापीठाची गोष्ट निघाली म्हणजे ती बहुधा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एका तऱ्हेत आर्ट्स कॉलेजची ती गुलाबी दगडाची भव्य इमारत असते, शेरवानी घातलेले प्राध्यापक असतात आणि बोलण्यातील अदब असते. दुसऱ्या तऱ्हेत संप, निष्कासनाच्या नोटिसा, पोलिसांच्या लाठ्या व पुढे ढकललेल्या परीक्षा असतात. सांगणारा आपल्या वयाप्रमाणे व स्वभावाप्रमाणे यांपैकी एक निवडतो. परंतु ह्या दोन गोष्टी एकमेकींहून वेगळ्या नाहीत. ज्या विचाराने हे विद्यापीठ उभे राहिले त्याच विचाराच्या पोटी तेथील असंतोषाचे बीज होते, असे आमचे मत आहे. आणि ते बीज मराठी विद्यार्थ्यांनी फार लवकर ओळखले होते.

विद्यापीठाच्या स्थापनेचे फर्मान १९१७ साली निघाले व १९१९ मध्ये अध्यापनास आरंभ झाला. त्यामागील योजना सर अकबर हैदरी यांची. इंग्रजीतून शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याची बुद्धी पाठांतरात खर्ची पडते, तो स्वतःचा विचार करीत नाही, तेव्हा उच्च शिक्षण देशी भाषेतूनच दिले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. हा विचार त्या काळी मोठ्या धाडसाचा होता. रवींद्रनाथ ठाकूर यांनीही त्याचे स्वागत केले. हिंदी भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे पहिलेच विद्यापीठ, असे सर्रास लिहिले जाते. त्यात 'सरकारमान्य' हा एक शब्द घालावा अशी आमची विनंती आहे, कारण त्याआधी १९१६ मध्येच महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठात मातृभाषेतून शिकविण्यास प्रारंभ केला होता. फरक इतकाच की कर्व्यांच्या पाठीशी लोकांच्या वर्गण्या होत्या आणि हैदरींच्या पाठीशी निजामाचा खजिना. त्या खजिन्यातून दार-उल-तर्जुमा, म्हणजे भाषांतरकचेरी, उभी राहिली. मौलवी अब्दुल हक हे तिचे पहिले प्रमुख. औरंगाबादेतील त्यांचे वास्तव्य व तेथील शिक्षणकार्य मराठवाड्यातील जुन्या लोकांस ठाऊक होते. कवी जोश मलीहाबादी यांनीही काही वर्षे ह्या कचेरीत नोकरी केली. वैद्यक, स्थापत्य, रसायन, अर्थशास्त्र अशा विषयांवरील तीनशेहून अधिक ग्रंथ तेथे उर्दूत आले. आपल्याकडील परिभाषेचे वाद ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकले आहेत त्यांस ह्या कामाची किंमत वेगळी सांगावयास नको.

आमच्या आजोबांचे शाळेतील भूमितीचे एक पुस्तक अजून आमच्याजवळ आहे. ते उर्दूत आहे. त्रिकोणास त्यात 'मुसल्लस' व कोनास 'जाविया' म्हटले आहे. आजोबा परभणी जिल्ह्यातले. घरी मराठी बोलत आणि हिशेब मोडीत लिहीत. पुस्तकाच्या समासात जागोजागी त्यांनी बारीक मोडी अक्षरांत मराठी प्रतिशब्द टिपून ठेवले आहेत. मातृभाषेतून शिक्षण हे ज्या राज्याचे ब्रीद, त्या राज्यातील मुलाला पुस्तकाच्या कडेला आपली मातृभाषा चोरासारखी लिहावी लागली! संस्थानातील प्रजेत निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे होते, सुमारे चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल कानडी. उर्दू ही मातृभाषा असणारे शेकडा दहा-बारा. मराठी हा विषय म्हणून विद्यापीठात शिकता येई आणि त्या विभागात चांगली माणसे होऊन गेली. पण इतिहास, गणित वा कायदा मराठीतून नव्हे. त्यातच खासगी शाळा काढावयास सरकारची परवानगी लागे व सभा भरविण्यावर 'गश्ती निशाण ५३' चा पहारा असे. विवेकवर्धिनीसारख्या मराठी संस्था केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींनी कशा सांभाळल्या असतील, याची कल्पना आज शाळा चालविणाऱ्यास सहज येणार नाही.

तथापि केवळ हिंदू विद्यार्थीच असंतुष्ट होते असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. उर्दूतून पदवी घेतलेल्या तरुणास संस्थानाबाहेर नोकरी मिळणे कठीण, आणि संस्थानात वरच्या जागांवर उत्तर हिंदुस्थानातून आणलेले लोक. 'मुलकी' व 'गैरमुलकी' हा वाद जुनाच होता. पंधरा वर्षे वास्तव्य असल्याशिवाय कोणी मुलकी ठरू नये असा नियमही होता. पण नियमास अपवाद करणारे दरबारातच बसलेले. १९३०-४० च्या दशकात हैदराबाद हैदराबादकरांचे, अशी मागणी करणारी जी मुलकी चळवळ झाली, तीत उस्मानियाचे हिंदू व मुसलमान पदवीधर एकत्र होते. पुढे मजूर चळवळीचे पुढारी झालेले उर्दू कवी मखदूम मोहिउद्दीन हे याच विद्यापीठाचे एम्. ए. राजनिष्ठ अधिकारी तयार व्हावेत म्हणून काढलेल्या विद्यापीठाने राजसत्तेस प्रश्न विचारणारे लोक तयार केले. इंग्रजांच्या विद्यापीठांतही याहून वेगळे काय घडले होते?

१९३८ च्या नोव्हेंबरात ह्या असंतोषाला तोंड फुटले. त्या वेळी अकबर हैदरी हे संस्थानचे पंतप्रधान होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महिन्याच्या मध्यास औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि महिनाअखेरीस हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थ्यांनी आपल्या प्रार्थनेच्या खोलीत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी मनाई केली. शेरवानी-पायजम्याच्या सक्तीविषयी धुसफूस आधीपासून होतीच; धोतर नेसून प्रार्थनेस का बसू नये, असे मुले विचारू लागली. मनाई मोडताच वसतिगृहातून हकालपट्टी, मग वर्गांवर बहिष्कार, मग नावे काढून टाकण्याच्या नोटिसा. गुलबर्गा, वरंगळ, महबूबनगर अशी ही लाट पसरली व शेकडो विद्यार्थी शिक्षणास मुकले. त्यांत आपल्या पाच मराठी जिल्ह्यांतून आलेली, मेसच्या पैशांसाठी घरून मनिऑर्डर येण्याची वाट पाहणारी मुले पुष्कळ होती.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणवत नाही. स्टेट काँग्रेसवर बंदी होती, ऑक्टोबरपासून तिचा सत्याग्रह सुरू होता, आर्य समाज व हिंदुमहासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. अशा वेळी वसतिगृहातील गाणे हे केवळ गाणे राहत नाही. शिवाय ह्या गीताविषयी मुसलमान समाजाचे आक्षेप होते व ते ध्यानी घेऊन १९३७ मध्ये खुद्द काँग्रेस कार्यकारिणीनेच त्याची पहिली दोन कडवी तेवढी राष्ट्रीय सभांत म्हणावीत असे ठरविले होते. हे सारे मान्य. पण मनाई सभेत नव्हती, रस्त्यावर नव्हती; ती खोलीत होती. आपल्या खोलीत आपण काय म्हणावे हेही ज्यांस ठरविता येत नाही ते त्या घरात पाहुणे तरी असतात किंवा नोकर तरी. विद्यार्थ्यांनी त्या वर्षी जो प्रश्न विचारला तो हिंदू की मुसलमान हा नव्हता, हे घर कोणाचे हा होता, असे आम्हांस वाटते. तो पुढे धर्माच्या भाषेत बोलला गेला, हे दुर्दैव होय. त्याचा दोष दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना जातो.

ह्या निष्कासित मुलांस नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. तेव्हाचे कुलगुरू केदार यांनी दाखविलेले हे औदार्य मराठी शिक्षणक्षेत्राने अधिक आठवणीत ठेवावयास हवे होते. उर्दूतून शिकलेल्या मुलांना एकाएकी इंग्रजी पुस्तकांशी झुंजावे लागले, तरी त्यांचे वर्ष वाचले. नागपुरास गेलेल्यांत वरंगळकडील एक तेलुगू तरुण होता, पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. नागपूर व नंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज ह्या मार्गाने त्यांचे शिक्षण झाले आणि मराठी ही त्यांच्या भाषांपैकी एक झाली. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' ह्या कादंबरीचा तेलुगू अनुवाद 'अबला जीवितमु' ह्या नावाने त्यांनी केला. १९९१ मध्ये ते भारताचे पंतप्रधान झाले हे सर्वांस माहीत आहे. आमच्या शिक्षक-बैठकीत मात्र अनुवादाची गोष्ट दोघांनाच माहीत होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि त्यानंतर उस्मानियातील उर्दू माध्यम गेले. आमच्या वडीलधाऱ्यांना त्याचा आनंद झाला. तो स्वाभाविकच होता. परंतु उर्दूच्या जागी तेलुगू आली नाही, मराठी आली नाही, कानडी आली नाही, इंग्रजी आली. भाषांतरित ग्रंथ कपाटांत गेले. देशी भाषेतून वैद्यक शिकविता येते याचा तीस वर्षांचा चालता पुरावा एका भाषेवरील रोषापायी आपण हातचा घालविला. त्या प्रयोगातील अन्याय काढून टाकून त्यातील विद्या ठेवून घेता आली असती काय? आमच्या मते आली असती. निदान परिभाषेच्या समित्यांनी ती कपाटे उघडून पाहावयाची होती.

घर कोणाचे हा प्रश्न मात्र माध्यमाबरोबर गेला नाही. विलीनीकरणानंतर शेजारच्या प्रांतांतून अधिकारी व शिक्षक आले. इंग्रजी येते हे त्यांचे मोठे भांडवल. १९५२ मध्ये वरंगळपासून विद्यार्थ्यांनी 'गैरमुलकी परत जा' अशी हाक उठविली आणि ३ व ४ सप्टेंबरला हैदराबादेत सिटी कॉलेजच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. मुख्यमंत्री होते बुर्गुल रामकृष्ण राव, फर्ग्युसनचेच विद्यार्थी व मराठी उत्तम जाणणारे. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, दोन वर्षांनी औरंगाबादेत त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि उस्मानियातील मराठी विद्यार्थ्यांचा ओघ आटला. उरलो आम्ही, शहरात रुजलेले.

१९६९ च्या तेलंगण आंदोलनात विद्यार्थीच पुढे होते. वर्ष वाया गेले. चळवळीच्या गणतीप्रमाणे ३६९ जीव गेले. नोकऱ्यांत मुलकी कोण, हाच वाद. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व ऑक्टोबर १९७२ मध्ये मुलकी नियम वैध ठरले. तेव्हा मुख्यमंत्रिपदी होते पी. व्ही. नरसिंह राव. त्यांनी निर्णयाचा पुरस्कार करताच आंध्र भागातील विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि जानेवारी १९७३ मध्ये राष्ट्रपती राजवट येऊन त्यांचे मंत्रिमंडळ गेले. एकदा विद्यार्थी म्हणून हकालपट्टी सोसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा विद्यार्थ्यांच्याच चळवळीने घालविले. ह्या योगायोगाविषयी त्यांना स्वतःला काय वाटले असेल, ह्याचे आम्हांस नेहमी कुतूहल वाटत आले आहे.

२००९ च्या अखेरीची हकीकत आमच्या डोळ्यांसमोरची आहे. आर्ट्स कॉलेजच्या पायऱ्यांवर मुले बसलेली, तारनाक्याच्या फाटकापासून पुढे पोलिसांच्या गाड्या, हवेत अश्रुधुराचा वास. ९ डिसेंबरच्या रात्री दिल्लीहून तेलंगण राज्याच्या प्रक्रियेची घोषणा झाली, दोन आठवड्यांत ती अडखळली, आणि राज्य प्रत्यक्षात आले ते २ जून २०१४ रोजी. आमच्या शाळेचे काही माजी विद्यार्थी त्या पायऱ्यांवर होते. त्यांतील एकाच्या वडिलांनी आम्हांस येऊन विचारले, "सर, आपण मराठी माणसं. आपल्या पोरानं ह्यात कशाला पडावं?" त्यांस आम्ही त्या वेळी धड उत्तर देऊ शकलो नाही. आता दिले असते. १९३८ मध्ये ज्या मुलांनी वसतिगृह सोडले त्यांतील कित्येकांच्या वडिलांनी हेच विचारले असणार.

आमच्या मराठी शाळेत आता निम्म्याहून अधिक मुले तेलुगू बोलणाऱ्या घरांतील आहेत. काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलींनी बतुकम्माचे गाणे म्हणू द्यावे असा अर्ज केला. कार्यक्रम मराठी आहे, असे सांगून आम्ही तो परत केला. मुलींनी वाद घातला नाही. संमेलनाच्या दिवशी त्या आल्याच नाहीत. आजोबांचे ते भूमितीचे पुस्तक तेव्हाही आमच्याच कपाटात होते. अर्ज कोठे ठेवला हे आम्ही शोधले, परंतु तो सापडला नाही. तेव्हा वर्गशिक्षिकेस सांगून मुलींस पुन्हा बोलावून घेतले. तोवर त्या दहावीत गेल्या होत्या. गाणे त्यांनी आठवीच्या नव्या मुलींना शिकविले, आणि गॅदरिंगच्या पत्रिकेत ते आता दरसाल छापले जाते, तेलुगू लिपीत.