शेततळं कोणाचं? ज्याच्या नावचा सातबारा, त्याचं!

मित्रहो, थोडं मागे जाऊ. १९७२ च्या दुष्काळात मुख्यमंत्री होते आपल्या पुसदचे वसंतराव नाईक. तेव्हा राज्यभर दुष्काळी कामांवर बांधबंदिस्ती झाली, नालाबांध झाले. माती-पाणी अडवायला सरकारने दिलेला पैसा मजुरी म्हणून खोदणाऱ्याच्या हातात पडला. त्याचा सातबारा असो की नसो.

२०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ आलं. अनुदान जास्तीत जास्त ५० हजार. निवडीत आत्महत्याग्रस्त कुटुंबाला प्राधान्य. आपल्या यवतमाळसाठी ही लहान गोष्ट नव्हती. पण तळं आधी स्वतःच्या पैशानं खोदायचं, अनुदान मागून खात्यात. आणि खातं जमीनमालकाचं!

आता मी विचारतो, नवरा गेला अन् सातबारा अजून सासऱ्याच्याच नावावर, तर त्या बाईनं अर्ज करायचा कसा? जेसीबीचं भाडं आणायचं कुठून? बटईनं वावर वाहणाऱ्यानं काय करायचं?

प्राधान्य यादीत देऊन भागत नाही, नाव कागदावर लागतं. येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या गावात वारसाचे किती फेरफार पडून आहेत?