रानपिंगळा आणि आपल्या मोजपट्ट्या

खानदेश म्हटले की कापूस, केळी आणि बहिणाबाई, एवढ्यावर आपली यादी संपते. या प्रदेशाच्या इतिहासात एका लहानशा घुबडालाही जागा मिळावी, असे आम्हांला वाटते. जीवसृष्टीचा ऱ्हास कोणत्या मापाने मोजायचा, या प्रश्नाचे उत्तर ज्यांना सोपे वाटते, त्यांनी रानपिंगळ्याची हकिगत जरूर पाहावी.

हा पक्षी १८७२ साली एफ. आर. ब्ल्युइट यांना आजच्या छत्तीसगडात मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, तेच हे ह्यूम. १८८०नंतरच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे आणखी नमुने मिळवले. १८८४नंतर मात्र त्याचा विश्वासार्ह पुरावा मिळेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरले सात नमुने. पक्षी बहुधा नामशेष झाला, असे विद्वानांनी मनोमन ठरवून टाकले.

यात एका लबाडीची भर पडली. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या प्रसिद्ध संग्राहकाने १९१४ साली तापीकाठच्या, गुजरातेतल्या मांडवी येथे रानपिंगळा मिळाल्याचा दावा केला होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसनचाच जुना नमुना निघाला. नमुना खानदेशाचा आणि चिठ्ठी मांडवीची! त्या खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशाही चुकवली होती.

जुन्या अस्सल नोंदींच्या आधारे निघालेल्या रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा प्रत्यक्ष दिसला, तोही दिवसाउजेडी. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. सरकारी नकाशा असा वारंवार बदलत गेला. पिंगळ्याचा नकाशा मात्र सातपुड्यातल्या सागाच्या विरळ रानाचा आणि ढोली असलेल्या जुन्या झाडांचाच राहिला. जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

२०१८ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी एक पायरी खाली आली. याचा अर्थ पिंगळे वाढले असा कुणी घेऊ नये. तो अधिक ठिकाणी सापडला, एवढाच अर्थ. प्रौढ पक्ष्यांची अंदाजे संख्या आजही हजाराच्या आतच मानली जाते. जगाच्या मापाने ही दिलाशाची बातमी; पण सातपुड्यातल्या एखाद्या दरीत जुनी झाडे पडली, तर त्या दरीपुरता पिंगळा संपतो आणि जागतिक यादीत त्याचा टिपूसही उमटत नाही.

वाघाची गोष्ट याच तऱ्हेची. १८२५नंतर जेम्स औट्रम खानदेशात भिल्ल पलटण उभारत असताना वाघांची शिकार हा त्याचा नित्याचा उद्योग होता. पडीक जमीन लागवडीखाली आणणे हे इंग्रजांचे महसुली धोरण होते आणि सागाला बाजार होता. आज देशातल्या वाघांचे आकडे वाढल्याचा आनंद आपण करतो. पण जळगाव जिल्ह्यात वाघ म्हटला की मुख्यतः मुक्ताईनगरकडचा वढोदा-डोलारखेड्याचा पट्टा आठवतो. तिथे त्याचा केळीच्या बागांतही वावर आढळला आहे. देशाची बेरीज वाढते, जिल्ह्याची वजाबाकी लपते.

मग उपाय कोणत्या पातळीवर करायचा? साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या आदिवासींनी १९९०च्या दशकात स्वतःच नियम घालून, दंड ठरवून शेकडो हेक्टर जंगल राखले. तिथला रानभाज्यांचा महोत्सव प्रसिद्ध आहे आणि गावाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार २०२५मध्ये पद्मश्रीने गौरवले गेले. जंगल तोडणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते, त्यांनीच ते वाढवले, हे आपण विसरू नये. २००६च्या वनाधिकार कायद्याने सामूहिक हक्क मान्य केले, तेही याच दिशेने पडलेले पाऊल.

तरीही केवळ एका गावाने हे साधणार नाही. यावल आणि मेळघाट यांच्यामधले रान तुटले, तर दोन्हीकडचे जीव आपापल्या बेटावर कोंडले जातील. गावाने झाड राखावे, जिल्ह्याने रानाचा पट्टा जोडावा, राज्याने हक्क द्यावेत आणि जगाने प्रामाणिक नोंद ठेवावी. यातले एक काम दुसऱ्याच्या बदली चालत नाही.

‘नामशेष’ हा शब्द उच्चारण्याची आपल्याला फार घाई असते, असे रानपिंगळ्याने दाखवून दिले. पण ‘अजून आहे’ म्हणून निर्धास्त राहण्याची घाई त्याहून वाईट. तो ११३ वर्षांनी पुन्हा दिसला, कारण कुणीही न पाहता सातपुड्याने त्याच्यासाठी काही जुनी झाडे राखली होती. पुढची शंभर वर्षे तो राहील की नाही, हे मात्र आता आपल्यावर अवलंबून आहे.