अत्ताराची फळी

पसरणीच्या घाटाची शेवटची वळणे घेत, वाईकडची उष्ण आणि हळदीच्या वासाने जडावलेली हवा खाली सोडून, मोटार पाचगणीच्या बाजारपेठेत येऊन थांबली म्हणजे प्रवाशाला प्रथम जाणवतो तो तांबड्या मातीचा थंड, ओलसर गंध. आणि घाटाने ढवळलेल्या पोटासाठी काहीतरी पाचक शोधीत तो ज्या औषधाच्या दुकानाची पायरी चढतो, तेथे त्याला दुसराच एक गंध सामोरा येतो. कार्बोलिक, कापूर, आयोडीन, निलगिरीचे तेल, तान्ह्या मुलांच्या अंगाला लावायची पावडर, आणि या सर्वांच्या वर, जणू त्या मंडळींशी आपला काही संबंध नाही अशा थाटात तरंगणारा लव्हेंडरचा वास. दुकानाच्या एका फळीवर, खोकल्याची औषधे आणि दंतमंजने यांच्या शेजारी, ओडिकोलोनच्या, गुलाबपाण्याच्या आणि फिकट हिरव्या-जांभळ्या द्रवांच्या लहान लहान कुप्या उभ्या असतात. सुगंधाचे तालेवार शौकीन या फळीकडे पाहून नाक मुरडतात. अत्तर घ्यावे ते कनौजचे, मुंबईत महंमदअली रोडवरच्या पिढीजात दुकानातून आणि तोळ्याच्या भावाने, अशी त्यांची धारणा असते. औषधविक्याकडून सुगंध घेणे त्यांना वैद्याकडून पैठणी घेण्यासारखे वाटते. इतिहासाचे दप्तर थोडे उलगडून पाहिले तर मात्र औषधाचे दुकान हे सुगंधाचे माहेरच ठरते, आणि त्या फळीवरच्या स्वस्त कुपीचे कूळ पुष्कळ जुने निघते.

'अत्तार' हा शब्दच पाहावा. अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आलेल्या या शब्दाचा अर्थ नुसता अत्तरे विकणारा असा नाही. जडीबुटी, काढे आणि चूर्णे विकणाराही अत्तारच. निशापूरच्या ज्या सूफी कवीच्या नावापुढे ही उपाधी लागली, त्या फरीदुद्दीनाचा व्यवसाय औषधविक्याचा होता असेच परंपरा सांगते. सातारा-सांगलीकडे अत्तार किंवा आतार हे आडनाव गावोगाव आढळते. त्या घराण्यांतील कित्येकांचा सुगंधाशी आता एवढाच संबंध उरला असला, तरी एका जुन्या धंद्याची सनद त्या दोन-तीन अक्षरांत शाबूत आहे. फारसी येण्यापूर्वीही स्थिती निराळी नव्हती. संस्कृतातील 'गांधिक' हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि ती द्रव्ये म्हणजे चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, जटामांसी, केशर, कापूर. यांतील एकही असे नाही की जे वैद्याच्या बटव्यात सापडत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासच्या एका ब्राह्मी लेखात, धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गंधिकाने तेथील द्वार दान दिल्याची नोंद आहे. डोंगराच्या काळ्या पाषाणात कोरलेले द्वार दान करण्याइतके द्रव्य ज्या धंद्यात मिळत असे, तो धंदा सह्याद्रीच्या या बाजूला किरकोळ नसावा. पंचतंत्रकारानेही, सर्व व्यापारांत गांधिकाचा व्यापार श्रेष्ठ, कारण त्यात एकाला घेतलेली वस्तू शंभराला विकता येते, असा शेरा मारून ठेवला आहे. सुगंधाच्या किमतीविषयी आजच्या गिऱ्हाइकाची जी तक्रार असते, तिची बैठक इतकी प्राचीन आहे.

या विद्येला आपल्याकडे शास्त्राचीही प्रतिष्ठा होती. वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीला स्वतंत्र अध्याय दिला आणि त्यात सोळा द्रव्यांतून चार-चार घेतली तर १,८२० निरनिराळी मिश्रणे होतात, असा हिशेब मांडला. ज्योतिषाला सुगंधाच्या पेटीतही गणित दिसावे यात नवल नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधवाद' नावाच्या एका दुर्मिळ हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि १९४५ साली त्यावर विस्तृत लेख लिहिला. त्या हस्तलिखितातील विशेष हा की संस्कृत ग्रंथाबरोबर त्याची मराठी टीकाही आहे, आणि गोडे यांनी तिचा काळ इसवी सन १३५० ते १५५० यांच्या दरम्यानचा ठरवला. कोणासाठी लिहिली असेल ही मराठी टीका? राजाला सुगंध लावणारे सेवक आणि राजपंडित यांची गरज संस्कृताने भागली असती. माझा तर्क असा की ती ज्याला संस्कृत येत नव्हते पण ज्याच्या हाती खलबत्ता आणि तराजू होता, अशा एखाद्या बाजारातल्या माणसासाठी असावी.

पुढे मराठी राज्यात अत्तरगुलाब आणि विडे दिल्याशिवाय दरबार बरखास्त होत नसे. साताऱ्याच्या गादीपुढेही हाच शिरस्ता होता. परंतु दरबारी अत्तर ही सामान्यांच्या आवाक्यातली वस्तू नव्हती, आणि त्याचे कारण फुलांत जेवढे आहे त्याहून अधिक चंदनात आहे. भट्टीवरच्या देगेतून निघणारी गुलाबाची किंवा केवड्याची वाफ नळीतून ज्या भपक्यात उतरते, त्यात चंदनाचे तेल आधीच भरून ठेवलेले असते. सुगंधाचे ते आसन. आसनच सोन्याच्या भावाचे असल्यावर त्यावर बसणाऱ्याची किंमत निराळी काय सांगावी! गरिबाच्या वाट्याला यायचे ते दिवाळीचे उटणे, कानाच्या पाळीत खोचलेला हिन्याचा एखादा फाया, आणि लग्नमंडपाच्या दारात गुलाबदाणीतून अंगावर उडालेले चार थेंब.

पाचगणीचा जन्म मात्र दरबाराच्या नव्हे, प्रकृतीच्या कारणाने झाला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ साली अदलाबदलीने महाबळेश्वर घेऊन इंग्रजांनी तेथे आपले उन्हाळी ठाणे वसवले खरे. पण पावसाळ्यात तेथे राहणे म्हणजे चार महिने ढगात कोंडून घेणे, हे लवकरच त्यांच्या अनुभवास आले. तेव्हा बारमाही राहता येईल अशी जागा शोधताना दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांमधला, सुमारे ४,३०० फूट उंचीचा आणि त्या मानाने फारच थोड्या पावसाचा हा टापू जॉन चेसन याच्या नजरेत भरला, आणि १८६३ साली त्याच्याचकडे या नव्या वसाहतीची देखरेख सोपवण्यात आली. चेसनने सिल्व्हर ओक लावले, पॉइन्सेटिया लावली, बंगल्यांसाठी जागा आखल्या. आणि साहेबाचे चालायचे तर एतद्देशीय कारागिरांवाचून चालणार नाही, हे ओळखून शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, गवंडी यांना बाजाराखालच्या गावठाणात जागा देऊन वसवले. त्या यादीत गंधी नाही. सुगंध या गावात आला तो मागाहून, आणि आला तो रुग्णाच्या सामानातून.

कारण पाचगणी ही दोन प्रकारच्या पाहुण्यांची झाली: एक शिकायला आलेली मुले आणि दुसरे बरे व्हायला आलेले आजारी. १८९५ साली सेंट जोसेफ कॉन्व्हेंट निघाले, त्या सुमारास आणि नंतर इतरही निवासी शाळा निघाल्या. आणि १९१२ साली डॉ. रुस्तुमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यभवन स्थापन केले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला अजून तीस वर्षांहून अधिक अवकाश होता. तोवर क्षयावर उपाय म्हणजे स्वच्छ हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि धीर. सज्जात ओळीने मांडलेल्या खाटांवर पडून समोरचे कृष्णेचे खोरे पाहत दिवस काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या ज्वराचा, घामाचा आणि थुंकदाणीतील कार्बोलिकचा वास विसरायला लावील असे जे काही होते, त्यात ओडिकोलोनची बाटली होती. कपाळावर ओडिकोलोनच्या पाण्याची घडी ठेवणे हा उपचार आपल्या मध्यमवर्गीय घरांतही इतका रुजला, की कित्येकांच्या बालपणीच्या तापाच्या आठवणीला तोच वास आहे. आमच्या घरी ती बाटली कुलपात असे, आणि ती बाहेर निघाली की आजार खरा आहे याची आम्हां भावंडांना खातरी पटे.

ओडिकोलोनची स्वतःची हकीकतही याच उंबरठ्यावर घडलेली आहे. १७०९ साली जर्मनीतील कोलोन शहरात फरीना या इटालियन घराण्याने ज्या पाण्याचा धंदा मांडला, त्यात संत्रे, लिंबू, बर्गामोट, लव्हेंडर, रोझमेरी यांची तेले मद्यार्कात विरघळवलेली असत. आणि असली पाणी त्या काळी लोक अंगाला लावीत तसेच साखरेवर टाकून पोटातही घेत. पुढे १८१० साली नेपोलियनने फर्मान काढले की गुप्त औषधांच्या कृती सरकारास कळवाव्यात. तेव्हा कृती उघड करण्यापेक्षा, हे औषधच नव्हे, हा केवळ सुगंध आहे, असे सांगणे कोलोनच्या व्यापाऱ्यांनी पसंत केले. एका घराच्या क्रमांकावरून ४७११ हे नाव पडलेले पाणीही याच परंपरेतले. अशा रीतीने युरोपात कायद्याने औषधाच्या घरातून बाहेर काढलेले हे द्रव्य हिंदुस्थानात आल्यावर पुन्हा निमूटपणे औषधाच्याच फळीवर जाऊन बसले.

स्वस्ताईचे रहस्य आणखी निराळे आहे. एक तर चंदनाच्या जागी मद्यार्काचे आसन आले, म्हणजे मुख्य खर्चच सुटला. दुसरे, १८६८ साली पर्किनने ज्या कुमारिनची कृत्रिम घडण केली, त्याच्यापासून सुगंध रसायनशाळेत जन्मू लागले. पुढची दोन उदाहरणे तर आपल्याला जवळची वाटावीत अशी आहेत. ग्वायाकॉल नावाचे द्रव्य त्या काळी क्षयाच्या खोकल्यावर देत. याच ग्वायाकॉलपासून १८७६ साली व्हॅनिला शेंगेच्या वासाचे व्हॅनिलिन तयार करण्यात आले. म्हणजे बेल-एअरच्या रोग्याचा कडू घोट आणि त्याच्या भेटीस आलेल्या बहिणीच्या पावडरीचा गोड वास हे एकाच कुळातले. आणि १८९३ साली टिमान आणि क्र्यूगर यांनी सिट्रालपासून आयोनोन बनवले, तेव्हा मूठभर श्रीमंतांचा व्हायोलेट फुलांचा सुगंध दुकानोदुकानी झाला. ते सिट्राल मुबलक मिळे गवती चहाच्या जातीच्या गवताच्या तेलात, आणि ते तेल जाई आपल्याच त्रावणकोर-कोचीनच्या किनाऱ्यावरून. विलायती फुलाचा वास केरळच्या गवतातून निघावा, ही गोष्ट वराहमिहिराला नक्कीच आवडली असती.

याच रसायनामुळे किंमत आणि कसब यांची जुनी जोडीही सुटी झाली. एर्नेस्त बो या ज्या गंधकाराने १९२१ साली शानेल क्रमांक पाच हे महागडे अत्तर रचले, त्यानेच १९२८ साली बुर्ज्वा कंपनीसाठी, सामान्य दुकानांतून विकले जाईल असे, निळ्या कुपीतले 'इव्हिनिंग इन पॅरिस' रचले. ती निळी कुपी आपल्याकडेही आली आणि कपाटातील रिकाम्या कुप्यांच्या रूपाने पुढे पुष्कळ वर्षे नांदली. देशी उद्योगही स्वस्थ नव्हता. इब्राहीम सुलतानअली पाटणवाला यांचा 'अफगाण स्नो' १९१९ साली मुंबईत निघाला, आणि १९२२ साली तेथेच सुरू झालेल्या एस. एच. केळकर आणि कंपनीने सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात मराठी नाव रुजवले.

मग दारूबंदी आली. मुंबई राज्यात १९४९ चा कायदा झाला, ६ एप्रिल १९५० पासून बंदी पुरती अमलात आली, आणि मद्यार्क ज्यात आहे ते सर्व अबकारी खात्याच्या कक्षेत, या न्यायाने ओडिकोलोनही संशयित ठरले. आजोबांच्या कपाळावरची घडी परवान्याचा विषय व्हावा, हा प्रसंग विनोदी खरा. पण फ्राम नसरवानजी बालसारा या मुंबईकर पारशी गृहस्थाने तो गंभीरपणे न्यायालयात नेला. व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्याबरोबरच ओडिकोलोन, लव्हेंडरचे पाणी आणि मद्यार्कयुक्त औषधे जवळ बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क त्याने मागितला. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायदा एकंदरीत कायम राहिला, व्हिस्कीची डाळ शिजली नाही; मात्र मद्यार्कयुक्त औषधी आणि प्रसाधने बाळगण्यावरचा निर्बंध अवैध ठरला. औषध आणि सुगंध एकाच कलमाने सुटले. त्यानंतर १९५५ साली या दोहोंवरील उत्पादनशुल्काचा एकत्र कायदा झाला, आणि १९४० च्या औषधांच्या कायद्यात १९६२ साली प्रसाधनेही घालण्यात आली. अत्तार या एका शब्दात जे सामावले होते, ते सरकारला दोन कायद्यांत लिहून काढावे लागले.

या फळीवरून काय घ्यावे, याविषयी माझे म्हणणे थोडके आहे. स्वस्त सुगंध दुकानात हुंगून कधीही पसंत करू नये. लिंबू-संत्र्याची चपळ तेले पहिल्या काही मिनिटांतच उडून जातात आणि त्यांच्या गोड बोलण्यावर भाळून घेतलेली कुपी घरी गेल्यावर साबणाच्या कारखान्याची आठवण देते. मनगटावर एक थेंब लावावा, टेबललँडची चढण चढून त्या पठाराच्या वाऱ्यात तासभर फिरावे, आणि मग हुंगावे. साधे ओडिकोलोन तोवर पुरते नाहीसे झालेले असते, आणि त्यात त्याची अप्रतिष्ठा नाही. शीतलता देऊन निघून जाणे एवढाच त्याचा करार आहे. लव्हेंडर बहुधा टिकते. मोगरा म्हणून विकला जाणारा द्रव मात्र क्वचितच मोगरा असतो, आणि तेथे अस्सलाचा हट्ट धरणाऱ्याने फुलेवालीकडे जाऊन गजराच घ्यावा.

गेल्या खेपेस मी उतरलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. बाजारात जॅम, सरबते आणि गुलकंद यांच्या बरण्या रचलेल्या होत्या. १९५९ साली येथे मॅप्रोचा उद्योग सुरू करणारे किशोर व्होरा हे मुळात औषधशास्त्राचे जाणकार, ही गोष्ट त्या बरण्यांकडे पाहताना माझ्या मनात आल्यावाचून राहिली नाही. औषधाच्या दुकानात मी गुलाबपाणी मागितले. दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "डोळ्यांसाठी हवंय, की पूजेसाठी?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात त्याने पाठमोरे होऊन फळीवरची एकुलती एक बाटली काढली आणि तिच्यावरची धूळ पुसायला सुरुवातही केली.