मारिओची चाल

हार्मोनियमवर पांढरी एकचा सा धरा. ग, ग, ग, मग सा, ग, प, आणि लगेच मंद्र सप्तकातला प. सात स्वर. नव्वदच्या दशकात ज्यांच्या किंवा ज्यांच्या शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना पुढची चाल सांगावी लागत नाही. कॅसेट खोचायची, टीव्हीवरच्या मुंग्या जाऊन चित्र येईपर्यंत ट्यूनिंग करायचं, स्टार्टचं बटण दाबायचं, की आलेच हे सात स्वर. लहानपणी आम्ही भावंडांनी कुठलंही सिनेमाचं गाणं इतक्या वेळा ऐकलेलं नाही. या चालीचं कूळ शोधायला लागलो आणि ती अधिकच आवडायला लागली.

चाल बांधली कोजी कोंडो यांनी. जन्म 1961चा, गाव नागोया. लहानपणापासून ते इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजवत. ओसाका कला विद्यापीठात शिकून 1984मध्ये ते क्योतोच्या निन्टेंडो कंपनीत लागले. तोवर तिथे गेममधले आवाज तयार करणं हे इंजिनिअर लोकांचं काम होतं. खास संगीतासाठी नेमलेले कोंडो हे पहिलेच. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका तेव्हा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घडवत होते. गेमचा कच्चा नमुना त्यांनी कोंडोंपुढे ठेवला. छोट्या पियानोवर कोंडो चाली जुळवू लागले. पण गेम जसजसा आकाराला आला, तसतसं त्यांना जाणवलं की मारिओ धावतोय एका वेगाने आणि संगीत चाललंय दुसऱ्या. त्यांनी लय वाढवली. चाचणीसाठी खेळणाऱ्यांचं ऐकून पुन्हा फेरफार केले. या चालीतला ठेका सरळ समेवर न पडता मध्येच उचल खातो, त्याचं कारण मला यातच दिसतं: ऐकणाऱ्याचा अंगठा उडीच्या बटणावर आहे हे धरून ती बांधली आहे. 13 सप्टेंबर 1985 रोजी गेम जपानमध्ये बाजारात आला.

हे सगळं बसवायचं होतं फॅमिकॉम या यंत्रात, आणि तिथे जागा अगदी तुटपुंजी. अख्खा गेम, चित्रं आणि संगीत धरून, 40 किलोबाइटचा. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कैक पट मोठा असतो. चिपमध्ये कामाचे आवाज चारच: सुरावटीसाठी दोन चौकोनी लहरी, खालच्या खर्जासाठी एक त्रिकोणी लहर, आणि तालासाठी एक खरखर. त्यामुळे कोंडोंनी छोटे तुकडे रचले आणि ते उलटसुलट क्रमाने वाजवले. जमिनीखालच्या स्टेजची धून तर मुख्यतः एकाच स्वराच्या खालच्या-वरच्या जोड्यांवर उभी आहे. पाण्याखाली मारिओ पोहायला लागला की तीन मात्रांचा वॉल्ट्झ. वेळेच्या आकड्यात 100 उरले की इशारा वाजतो आणि तीच धून आणखी घाईने पळायला लागते. तेव्हा हाताला सुटलेला घाम मला अजून आठवतो.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती निराळीच गोष्ट. चार आवाजांपलीकडे पाचव्याला जागाच नव्हती, म्हणून उडीचा, नाण्याचा, वीट फुटण्याचा आवाज काढायचा तर तो गाण्याकडूनच उसना घ्यावा लागे. मारिओने उडी मारली की सुरावटीच्या दोन धाग्यांपैकी एक क्षणभर गप्प होतो. नाणं उचललं की दुसरा. वीट फोडली की ताल दबतो. आवाज संपला की गाणं पुढे चालू. म्हणजे गाणं एकच असलं, तरी ते वाजायचं खेळणाऱ्याच्या हातानुसार. माझा धाकटा भाऊ विनाकारण उड्या मारत जायचा आणि वाटेतली एकही वीट सोडायचा नाही. ताई मात्र सरळ धावत सुटायची. आत स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून आई सांगायची की आता कोण खेळतंय. तेव्हा आम्हाला ती जादू वाटे.

आता आपल्याकडच्या शाखेविषयी. आमच्या घरातलं यंत्र निन्टेंडोचं नव्हतंच. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पोचले ते फॅमिकॉमची नक्कल केलेले संच, एकाच कॅसेटमध्ये ढीगभर गेम असलेले. जपानमधली टीव्ही पद्धत सेकंदाला 60 चित्रांची, आपली पाल पद्धत 50 चित्रांची. मारिओचं संगीत चित्रांच्या ठोक्यावर पुढे सरकतं. त्यामुळे पालसाठी बनवलेल्या नकली संचांवर स्वर जवळपास तेच राहिले, पण लय एक षष्ठांशाने उतरली. मारिओही तेवढाच सावकाश धावायचा, म्हणून दोघांचं जमून गेलं. शिवाय कित्येक नकली चिपांमध्ये चौकोनी लहरीच्या रुंदीची अदलाबदल झालेली होती. लहर निम्मा वेळ वर राहिली तर आवाज भरीव येतो, पाव वेळ राहिली तर बारीक आणि थोडा नाकातला. मूळ यंत्रात निम्म्याची आज्ञा असेल, तर ही चिप पाव वाजवायची, आणि पावाच्या जागी निम्मा.

म्हणून क्योतोमध्ये बांधलेली चाल आपल्यापर्यंत विलंबित होऊन आणि वेगळ्या गळ्याने आली. पुढे कॉलेजात असताना मूळ यंत्रावरचं ध्वनिमुद्रण पहिल्यांदा कानावर पडलं, तेव्हा ते मला घाईचं आणि परकं वाटलं होतं. त्यामागचं कारण हे. आपण ऐकलं ते बिघडलेलं रूप, असं मात्र मी म्हणणार नाही. बंदिश एका घराण्यातून दुसऱ्यात जाते तेव्हा तिची लय आणि लगाव बदलतो, आणि ऐकणारे दोन्ही रूपं जपतात. आपल्या रूपाला तोच मान मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

2023मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कोंडोंच्या या चालीला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान दिलं. त्या यादीत गेलेलं हे पहिलं व्हिडिओ गेमचं संगीत. आपल्याकडच्या रूपाची नोंद आपणच करायची आहे, आणि ते अवघड नाही. संगणकावर जुने गेम चालवणाऱ्या काही प्रोग्रॅममध्ये 50 चित्रांच्या नकली संचाचा पर्याय असतो, लहरींची अदलाबदल करायचाही असतो. दोन्ही सुरू करून पहिली स्टेज लावा. आणि माळ्यावर जुना संच अजून असेल, तर तो एकदा टीव्हीला जोडून, त्याच टीव्हीच्या स्पीकरमधून येणारं गाणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. खेळायला मात्र घरातल्या दोघातिघांना बसवा, पाळीपाळीने.