गुडघ्याच्या लिगामेंट शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन

गुडघ्याच्या लिगामेंट शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन ही सांध्याची हालचाल, ताकद आणि तोल परत मिळवण्याची दीर्घ प्रक्रिया होय. मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना सांध्याच्या आत जोडणारे अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट किंवा एसीएल पूर्ण तुटल्यास सहसा आपोआप जुळत नाही. शस्त्रक्रियेत त्याच्या जागी बहुधा रुग्णाच्याच मांडीमागील किंवा गुडघ्याच्या वाटीखालील कंडरा बसवतात.

कालावधी

बसवलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या व पेशी शिरून तिचे लिगामेंटसारख्या ऊतीत रूपांतर होण्यास अनेक महिने लागतात आणि सुरुवातीच्या काळात ती बसवतेवेळीपेक्षाही कमकुवत होते. नेमकी याच सुमारास, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, सूज ओसरते व पाय बरा झाल्यासारखा वाटतो. व्यायाम सोडण्याचा किंवा घाईने धावण्याचा मोह तेव्हाच होतो. वळणे-उड्या असलेल्या खेळात ९ महिन्यांपूर्वी परतू नये, असा सर्वसाधारण सल्ला आहे. मात्र केवळ महिने मोजून भागत नाही. मांडीच्या पुढील स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी लागते. मेनिस्कस, म्हणजे सांध्यातील गादी, शिवली असल्यास आरंभीचे काही आठवडे गुडघा खोल वाकवता येत नाही. एकाहून अधिक लिगामेंट तुटल्यास वर्षही अपुरे पडू शकते. अशा दुखापतीनंतर पुढे संधिवाताचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेने तो पूर्णपणे टळत नाही.

बीड जिल्ह्यातील संदर्भ

आष्टी तालुक्यातील मांडवा येथील धावपटू अविनाश साबळे यांना जुलै २०२५ मध्ये मोनॅको डायमंड लीगमध्ये पडल्याने एसीएल व मेनिस्कसची दुखापत झाली. मुंबईत शस्त्रक्रिया झाल्याने त्या वर्षीच्या टोकियो जागतिक स्पर्धेला ते मुकले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील रौप्यपदक व २०२३ च्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक त्यांनी ज्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये मिळवले, तिच्यात २८ अडथळे व ७ पाण्याच्या उड्या असतात. प्रत्येक उडीनंतर भार एका पायावर येतो.

जिल्ह्यातून दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या ऊसतोड कामगारांपुढील अडचण वेगळी आहे. वाकून तोडणी करणे आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढणे ही कामे पुनर्वसनाच्या काळात करता येत नाहीत. मुकादमाकडून उचल मात्र आधीच घेतलेली असते. पती-पत्नीची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जात असल्याने एकाच्या गुडघ्यामुळे दोघांचाही हंगाम बुडू शकतो.