बोल्टन गुणोत्तर
बोल्टन गुणोत्तर म्हणजे खालच्या व वरच्या दातांच्या एकूण रुंदींचे प्रमाण. अमेरिकी दंतवैद्य वेन बोल्टन यांनी उत्तम जुळणीच्या ५५ दंतरचना मोजून ते १९५८ मध्ये मांडले. पुढील सहा-सहा दातांसाठी ते ७७.२ टक्के, तर पहिल्या दाढांपर्यंतच्या बारा-बारा दातांसाठी ९१.३ टक्के आहे.

तारा दात सरकवतात, वळवतात. त्यांची रुंदी बदलत नाहीत. वरच्या मधल्या दोन दातांशेजारचा पटाशीचा दात मुळातच खुंटीसारखा बारीक असल्यास रांग सरळ होऊनही फट उरू शकते. दोष मात्र बहुधा तारांना दिला जातो. अशा वेळी तो दात कॉम्पोझिटने रुंद करतात किंवा खालच्या दातांच्या कडांचे इनॅमल किंचित घासतात. घासलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही. म्हणून हे मोजमाप उपचारापूर्वीच करणे इष्ट.