अक्षराचे वळण आणि दप्तराची चाकरी

चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस. कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयाची सभासदांची यादी चाळली, तर यांपैकी दोन-तीन आडनावे हमखास आढळतात. त्यांतील ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’चा अपभ्रंश असून त्याचा अर्थ लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, फर्द लिहिणारा तो फडणीस, फारसी लिहिणारा तो पारसनीस. हातातली लेखणी कुळाचे नाव होऊन बसावी, इतका अक्षराचा आणि उपजीविकेचा संबंध एके काळी निकटचा होता.

त्याचा आरंभ धूळपाटीवर होई. फळीवर बारीक धूळ पसरून मुलाने तीवर अक्षरे काढायची. हात स्थिरावला की पंतोजींनी घातलेला कित्ता बोरूने गिरवायचा. मोडीचा सराव निराळाच असे. आधी कागदाच्या रुंदीभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरे जोडीत जायचे. शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही बहुधा नाही. अशा लिपीत वळण बसलेले नसेल, तर मजकूर वाचणाऱ्याच्या नशिबी केवळ तर्क उरे. म्हणूनच पोरसवदा उमेदवार फडात नकला करीत बसे, तेव्हा वडीलधारे कारकून त्याचा हात पारखीत. पुढची चाकरी पुष्कळदा त्या पारखेवर ठरे.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. परमार्थाच्या ग्रंथात कागद, शाई, समास यांची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण समर्थांची दृष्टी वाचणाऱ्यावर आहे. ग्रंथाच्या प्रारंभीचे अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने उमटल्यासारखे असावे, असे ते सांगतात. तरुणपणी हौसेने फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामास येत नाही, असेही बजावतात. सौंदर्याइतकाच उपयोगाचा हा विचार मला त्या समासात सर्वांत मोलाचा वाटतो.

चांगल्या अक्षराने दैव उघडल्याची प्रसिद्ध कथा बाळाजी आवजींची. जंजिऱ्याच्या सिद्दीने वडिलांचा घात केल्यावर राजापुरास आलेल्या या तरुणाचे लेखन पाहून शिवाजी महाराजांनी त्यांना पदरी घेतले, असे परंपरा सांगते. परंपरेतील तपशील पारखूनच घ्यावा. मात्र बाळाजी महाराजांचे चिटणीस झाले आणि चिटणिशी त्यांच्या घराण्यात चालली, यात शंका नाही. त्याच दरबारी चाकरीत १६८१ मध्ये कटाच्या संशयावरून त्यांना प्राण गमवावा लागला. तरीही पुत्र खंडो बल्लाळ यांनी स्वराज्याची सेवा सोडली नाही.

छापखाना आल्याने सुलेखनकाराचे काम लगेच संपले नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापात हाताने लिहिलेलेच अक्षर दगडावर उतरते. तेव्हा सुवाच्य लिहिणाऱ्याचा एक हात शेकडो घरांत पोहोचू लागला.

मराठी राज्यविस्ताराबरोबर हीच मोडी वडोदरे, इंदूर, ग्वाल्हेर येथवर गेली. १८८९ साली वडोदे संस्थानच्या चाकरीत शिरलेल्या गोविंद सखाराम सरदेसायांनी पुढे निवृत्तीनंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. अनाम कारकुनांचे वळण नीट नसते, तर त्या रुमालांतून कोणाच्या हाती काय लागले असते? आज अनेक घरांतील मोडी कागद वाचणारे कोणी नाही म्हणून रद्दीत जातात. ज्या सभासदांकडे असे कागद असतील, त्यांनी ते जाणत्यास दाखविल्यावाचून टाकू नयेत, एवढी विनंती.

आमच्या घरी आजोबांची हिशेबाची एक मोडी वही आहे. मी पन्नाशीनंतर मोडी शिकलो आणि ती वाचू लागलो. सुरुवातीची पाने आता सहज लागतात. शेवटच्या पानांवर त्यांचा हात कापू लागला होता. तेथे आकडे तेवढे कळतात, नावे अजून लागत नाहीत.